मूल ‘जा’ म्हणेपर्यंत

फखरुन्निसा हुर्जुकला राग आला की ती आधी चष्मा काढून ओढणीला पुसायची आणि मग बोलायची. कुवेतमधल्या अबू हलीफाच्या लहान शाळेतल्या बायांना ही खूण पक्की ठाऊक होती. चष्मा नाकावरून उतरला की त्या एकेक करून आपापल्या वर्गात पसार होत. त्या दिवशी मॅनेजमेंटच्या मीटिंगहून परतल्यावर मात्र तिने चष्मा बराच वेळ पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे चहा टाकायला सांगितला. बाया खऱ्या घाबरल्या त्या तेव्हा.

झालं होतं असं. लहान शाळा एका व्हिलात भरायची. बालवर्ग आणि पहिली एवढाच कारभार. दिवाणखान्यात गालिचा, मोरीत रंगांच्या बाटल्या आणि स्वयंपाकघरात ऑफिस. व्हिलाचा मालक भला कुवेती गृहस्थ होता. त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्याला घर हवं झालं. मालक स्वतः खजुराचा डबा घेऊन आला, तासभर बसला, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि जाताना व्हिला परत मागितला. लग्नघराला नाही कोण म्हणणार? तेव्हा मॅनेजमेंटने ठरवलं, की फहाहीलला आपलीच मोठी शाळा आहे, दुसरी ते पाचवीची. तिचा अख्खा तळमजला नुसता बाकं आणि मोडकी कपाटं ठेवायला वापरतात. दोन्ही शाळा एक करून टाकू. एप्रिलपासून एकच प्रायमरी, एकच गेट आणि एकच हेडमिस्ट्रेस.

हेडमिस्ट्रेस होणार होती मोठ्या शाळेची मुक्ता गायधनी. फखरुन्निसा तिच्या हाताखाली लहानांची इन्चार्ज. खुर्ची गेल्याचं तिला दुःख झालं नाही असं म्हटलं तर ते धादांत खोटं होईल. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही. मग तिच्याच लक्षात आलं, की इतक्या वर्षांत त्या खुर्चीत आपण बसलो ते फक्त मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधायला. गेली तर गेली. शिवाय या एकत्रीकरणात तिच्यासाठी एक गोड गोष्ट होती, ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. आजवर पहिली संपली की पोरं मोठ्या शाळेत जायची आणि तिच्या हातून कायमची सुटायची. पुढे कधी फहाहीलच्या बाजारात भेटायची, हातभर उंच झालेली; आई म्हणायची, ओळखलंस का फखरू टीचरला, आणि पोर दुसरीकडे बघत ‘येस’ म्हणायचं. आता ती पाचवीपर्यंत त्याच जिन्यावर दिसणार होती.

पण एका गोष्टीवर ती अडून बसली. लहान शाळेत एक रिवाज होता. नव्या मुलाबरोबर त्याची आई वर्गात यायची, गालिच्यावर बसायची आणि मूल स्वतःच्या तोंडाने ‘जा’ म्हणेपर्यंत उठायची नाही. काही पोरं पहिल्या दहा मिनिटांत आईला वाटेला लावत, काहींना आठवडा लागे. मूल खेळात रमलंय असं बघून आईने हळूच सटकायचं, हे तर फखरुन्निसाला मुळीच खपत नसे. चोरासारखी काय जातेस, विचारून जा, असं ती भल्याभल्या डॉक्टरणींना सुनवायची.

हा रिवाज तिने कुठल्या ट्रेनिंगमधून उचलला नव्हता. तो बोर्लीचा, म्हणजे श्रीवर्धनजवळच्या बोर्ली पंचतनचा, तिच्या माहेरचा. वडील जहाजावर होते. गावातले पुरुष बोटीवर निघायचे ते पहाटे, पोरं झोपेत असताना. उठून बघावं तर बाप गायब आणि मग घरभर रडारड. फखरुन्निसाच्या आईने आपल्या घरात हे बंद पाडलं. पोरांना उठवायचं, दारात उभं करायचं आणि बापाने विचारायचं, जाऊ का? पोरांनी ‘जा’ म्हटलं तरच उंबरा ओलांडायचा. पाच वर्षांची असताना फखरुन्निसा एकदा हट्टाला पेटली. काही केल्या ‘जा’ म्हणेना. बाप बॅग पायाशी घेऊन ओटीवर बसून राहिला. एसटी आली, धुरळा उडवून निघून गेली, शेजारीपाजारी जमले, चुलत्यांनी कपाळाला हात लावला. बाप आपला हसत होता. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून ‘जा’ म्हटलं आणि तो गेला. मुंबईत बोट त्याच्यासाठी थांबली होती की त्याला बोलणी खावी लागली, हे तिने पुढे कधी विचारलं नाही. पण आपल्या शब्दाखातर बाप एक दिवस थांबला, ही श्रीमंती तिला जन्मभर पुरली.

आखाती लढाई संपल्यानंतरच्या वर्षी लग्न होऊन ती कुवेतला आली. नवरा इद्रीस फहाहीलच्या बाजारात बॅगा आणि ब्लँकेटं विकायचा, अजूनही विकतो. ती व्हिलातल्या शाळेत मदतनीस म्हणून लागली, घरी बसून परीक्षा दिल्या, टीचर झाली, मग अख्ख्या लहान शाळेची मुख्य झाली. मुलगा शिकून कॅनडात गेला. जाताना त्यानेही विमानतळावर विचारलं होतं, मम्मा, जाऊ? तिने ‘जा’ म्हटलं आणि पार्किंगपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सांगायचं एवढंच, की हा रिवाज तिच्या लेखी शाळेचा नियम नव्हता, तो तिचा धर्मच होता म्हणा ना.

आता मुक्ता गायधनीविषयी. मुक्ता नाशिकची, नवरा विजयकुमार रिफायनरीत इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन कुवेतला आली आणि आल्या आल्या मोठी शाळा तिच्या ताब्यात मिळाली. तेव्हा त्या शाळेचा निव्वळ बाजार झाला होता. आईबाप वाटेल तेव्हा आत शिरायचे, विसरलेले डबे पोचवायचे, टीचरशी वर्गाच्या दारातच भांडायचे. मुक्ताने पहिल्या महिन्यात गेट बंद केलं. पालक बाहेर, मुलं आत. बसेस वेळेवर आल्या, निकाल सुधारला, जिन्यावर डावीकडून चढायचं आणि उजवीकडून उतरायचं सुरू झालं. गायधनी मॅडमच्या शाळेत कबुतरंसुद्धा रांगेत बसतात, असं बसवाले म्हणत. तिच्या चांगुलपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका एवढीच, की ती हसते कधी.

दोघींची पहिली बैठक झाली तेव्हा मुक्ताने फखरुन्निसाला आपली खुर्ची देऊ केली, स्वतः समोर बसली आणि सगळं अदबीने केलं. पण गेटच्या प्रश्नावर ती हलेना. तिचं म्हणणं, आई गेली तर मूल दहा मिनिटं रडतं आणि आई बसली तर आठवडाभर. शिवाय लहानांच्या आयांना आत सोडलं, तर मोठ्यांच्या आयांना कुठल्या तोंडाने अडवायचं? एक शाळा, एक नियम. इथे फखरुन्निसाचा चष्मा उतरला.

“मग सगळ्यांनाच सोडा,” ती म्हणाली.

रागाच्या भरात तोंडाला येईल ते माणूस बोलतं, त्यातलंच हे. पण मुक्ता विचारात पडली. ती न्यायाने चालणारी बाई होती आणि हिशेबानेही. पाचवीतल्या घोड्यांच्या आया कशाला येतील? लहानांच्या तेवढ्या येतील, गोंधळ घालतील, आणि तो सगळ्यांना दिसेल. तिने कबूल केलं. पहिला आठवडा गेट उघडं. ज्या मुलाला हवी त्याची आई वर्गात बसेल आणि मूल ‘जा’ म्हणेल तेव्हा जाईल, बालवर्ग ते पाचवी. गुरुवारी निर्णय, आणि तो कायमचा. फखरुन्निसानेही सांगून टाकलं, की निर्णय उलटा लागला तर ती राजीनामा देऊन गावी जाईल. मुक्ताने मान हलवली. थांबा असं काही ती म्हणाली नाही.

घरी इद्रीसने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या मते गावी जाण्यात वाईट काही नव्हतं. बॅगा विकून विकून तोही कंटाळला होता.

“तुजा नियम त्यांनी ठेवला नाय तर जाव आपण बोर्लीला,” तो म्हणाला. “पन तू तिकडं करशील काय? गावात एक पोर नाय उरला. सगळी इकडं नायतर मुंबईला.”

फखरुन्निसाने त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला. कारण तो बोलला ते खरं होतं आणि तिला रात्रंदिवस तेच खात होतं. पोरांशिवाय आपण म्हणजे कोण, हे तिला सांगता आलं नसतं.

मुक्ताचं सर्क्युलर पालकांच्या फोनवर गेलं आणि इथे त्या शहाण्या बाईचा हिशेब चुकला. नाशिकहून येऊन तीन वर्षं झाली तरी परदेशातली आई काय चीज असते हे तिला कळलेलं नव्हतं. अबू हलीफाच्या एका बिल्डिंगमधल्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, तुम्ही जाणार का? दुसरीने लिहिलं, बघते. ‘बघते’ म्हणजे जाणार, हे कुठल्याही आईला कळतं. मग तिसरीला वाटलं, सगळ्यांच्या आया दिसल्या आणि आपल्या पोराचीच नाही, तर टीचर काय म्हणतील? शाळा ‘येऊ शकता’ म्हणाली की आमच्या बायका ते ‘याच’ असंच वाचतात. शनिवारपर्यंत एकही घर मागे राहिलं नाही. जाब्रियाच्या दवाखान्यांतल्या नर्सेसनी आपसात ड्युट्या बदलून घेतल्या. ज्यांना सुट्टी मिळाली नाही त्यांनी नवरे पाठवायचं ठरवलं.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी फहाहीलच्या त्या गल्लीत गाडी उभी करायला जागा राहिली नाही. गेटवरचा हारिस म्हणजे तिथला चौकीदार, म्हातारा इजिप्शियन; त्याने आयुष्यात आई आत सोडली नव्हती, तो आता लोंढाच आत जाताना बघून दोन्ही हात वर करून बाजूला झाला. आया आल्या त्या पूर्ण तयारीने. थर्मास, चकल्यांचे डबे, पाठीला टेकायला शालीची गुंडाळी. एकीने शुक्रवारच्या बाजारातली मेथी आणली होती. वर्गात बसायचंच तर निवडून होईल, हा तिचा साधा विचार. महाडहून व्हिजिटवर आलेली एक आजी चौथीच्या मागच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. एका पोराचे आईबाप दोघेही कामावर, म्हणून त्याच्याबरोबर बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला, मामा आला आणि दुकान उघडायचंय म्हणून दर पाच मिनिटांनी भाच्याकडे केविलवाणं बघू लागला. तिसरीत टीचरने तेराचा पाढा विचारला तेव्हा मुलांच्या आधी एक आई उभी राहिली आणि तिने तो खणखणीत म्हणून दाखवला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मोठ्या पोरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘ममा, प्लीज गो’ अशी कुजबुज वरच्या मजल्यांवर सुरू झाली आणि पहिला तास संपायच्या आत बहुतेक आया वर्गाबाहेर काढल्या गेल्या. आता बाहेर काढलेल्या आया घरी जातात होय? त्या व्हरांड्यात जमल्या. तिथे ओळखी निघाल्या. कुणाची बहीण कुणाच्या नणंदेच्या गावची निघाली. चकल्यांचे डबे उघडले. वर्गात काय चाललंय हे वर्गातल्यांनाही ऐकू येईना.

एवढं असतं तरी फखरुन्निसाने सहन केलं असतं. पण खाली बालवर्गात जाऊन पाहते तो तिचं काळीजच बसलं. वरून उतरलेल्या आयांनी तळमजला भरून टाकला होता. त्या पायांच्या गर्दीत छोट्यांना आपली आई दिसेना. जी पोरं आईच्या मांडीवर निवांत बसायची, ती घाबरून हंबरडा फोडत होती. एक तर भलत्याच बाईचा पदर धरून रडत होतं. ज्या रिवाजासाठी ती गावी जायला निघाली होती, तो तिने स्वतःच, एका रागाच्या वाक्याने, असा पायदळी तुडवला होता. मुक्ता गायधनी चुकली नव्हती. चुकली होती फखरुन्निसा, आणि हे तिला त्या गर्दीत उभं राहून स्वच्छ कळलं.

ती ऑफिसात गेली. मुक्ता टेबलाशी उभी होती. एका हातात घंटेची हातोडी, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहरा पांढरा.

“मॅडम, गुरुवारची वाट बघायची का?” मुक्ताने विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

फखरुन्निसाने नाही म्हणून मान हलवली. चष्म्याला हातही लावला नाही. बोर्लीच्या घराची कौलं शाकारायला हवीत, असं काहीतरी तिच्या डोक्यात येऊन गेलं. मुक्ता दुसरं काही बोलणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात पाचवीतली एक मुलगी उभी होती. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा युनिफॉर्म, हात नियमाप्रमाणे बाजूला. फखरुन्निसा तिला ओळखत नव्हती, कारण ती लहान शाळेतून वर आलेली नव्हती. थेट मोठ्या शाळेत दाखल झाली होती.

“मे आय कम इन, मॅम?”

मुक्ताने विचारलं, तास चालू असताना ती इथे काय करते आहे.

मुलगी आत आली. टेबलापासून जरा दूर उभी राहिली, जिथे सगळी मुलं उभी राहतात तिथेच.

“मॅम,” ती म्हणाली, “सगळ्यांच्या आया आल्यात. माझी नाही आली.”

फखरुन्निसाने सहज विचारायला तोंड उघडलं, की बाळा, आई कामावर असते का तुझी? आणि तेवढ्यात तिचं लक्ष मुक्ताकडे गेलं. मुक्ताच्या हातातली हातोडी टेबलावर पडली होती. मग फखरुन्निसाने मुलीच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. शाल्मली विजयकुमार गायधनी.

मोठ्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि लहान शाळेत कुणालाच नव्हतं: मुक्ताची मुलगी याच शाळेत शिकत होती. पहिल्याच दिवशी मुक्ताने तिला बजावलं होतं, की गेटच्या आत मी तुझी आई नाही. मॅम म्हणायचं, रांगेत उभं राहायचं, काही हवं असेल तर वर्गशिक्षिकेला सांगायचं. बाकीच्या पोरांनी बोट दाखवू नये म्हणून. त्यात चूक काहीच नव्हती. सात वर्षांच्या पोरीने ते इतकं नीट पाळलं, की तीन वर्षांत तिच्या तोंडून शाळेत एकदाही ‘आई’ निघालं नाही. मुक्ता हे कौतुकाने सांगायचीसुद्धा.

“शाल्मली, हे काय आता,” मुक्ता पुटपुटली.

शाल्मली रडत नव्हती, हट्टही करत नव्हती. तिने फक्त तक्रार नोंदवली होती, योग्य त्या अधिकाऱ्याकडे, आणि आता ती उत्तराची वाट पाहत होती. फखरुन्निसाला भडभडून आलं. पण ही बाई रडत बसणारी नव्हे. ती पुढे झाली, मुक्ताच्या मुठीतून किल्ल्या सोडवून घेतल्या आणि हातोडी उचलली.

“जा तू,” ती म्हणाली. मॅडम वगैरे सगळं विसरली. “शाळा मी बघते.”

मुक्ता गेली. मुलीच्या मागून, व्हरांड्यातल्या आयांमधून वाट काढत, पाचवीच्या वर्गात शिरली आणि मागच्या बाकावर बसली. बाक दहा वर्षांच्या मुलांचं. गुडघे कुठे ठेवावेत हा तिला प्रश्न पडला. वर्गशिक्षिका मारिया मिस गोव्याची, हसरी बाई, पण हेडमिस्ट्रेस मागे येऊन बसल्यावर तिच्या हातून फळ्यावर भागाकार चुकला. मुक्ताने बोलायला तोंड उघडलं. शाल्मलीने मान वळवून तिच्याकडे नुसतं पाहिलं. मुक्ताने तोंड मिटलं. ती इथे आई म्हणून आली होती आणि आयांनी मध्ये बोलायचं नसतं. तेवढ्यात एका पोराने हात वर करून चूक दाखवून दिली आणि मारिया मिसने त्याला शाबासकी दिली.

इकडे फखरुन्निसाने पदर खोचला, म्हणजे ओढणी खांद्याला गाठ मारून घेतली. पहिलं काम तिने हे केलं, की मोठ्यांच्या ज्या ज्या आयांना ‘जा’ मिळालं होतं त्यांना गोळा केलं आणि सरळ सांगितलं, तुम्हाला रजा मिळाली, आता घरी जाऊन झोपा. मेथीवाली म्हणाली, थोडीच राहिलीय. तिला फखरुन्निसाने गच्चीवर पाठवलं. तासाभरात तळमजला मोकळा झाला, छोट्यांना आपापल्या आया सापडल्या आणि गालिच्यावर नेहमीची शांतता आली. मधली सुट्टी तिने दिली खरी, पण बंद करायची विसरली. ती इतकी लांबली की पोरंच कंटाळून वर्गात जाऊन बसली. मॅनेजमेंटचा फोन आला, गायधनी मॅडम कुठे आहेत? वर्गात आहेत, ती म्हणाली. त्यात खोटं काय होतं?

शाल्मलीने त्या दिवशी ‘जा’ म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती वर्गात आपली कामं करत होती, डबा खात होती, मैत्रिणींशी खेळत होती. मधूनच मागे वळून बघायची, आई आहे ना याची खात्री करायची आणि पुन्हा वहीत डोकं घालायची. फखरुन्निसा जाता-येता दाराच्या काचेतून डोकावे. पहिल्या दिवशी मुक्ता ताठ बसली होती आणि घड्याळ बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने हनुवटी हातावर टेकवली होती आणि मुलीच्या वेण्यांकडे बघत होती. खाली बालवर्गातली पोरं एकेक करून आयांना निरोप देत होती. मेथीवाली आता येत नव्हती. अख्ख्या शाळेत बसून राहिलेली मोठ्यांची आई एकटी मुक्ताच होती आणि याला हसण्याची कुणाची छाती नव्हती. मुलांना तर ते हसण्यासारखं वाटलंच नाही.

मंगळवारी दुसऱ्या तासाला फखरुन्निसा पाचवीच्या दाराशी होती, म्हणून तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. शाल्मली उठून मागच्या बाकाशी गेली, आईच्या कानाशी वाकली, पण हळू बोलायचं तिला जमलं नाही.

“आई, आता तू जा,” ती म्हणाली. “मॅम नसल्या की शाळेचं काही खरं नाही. परवा रिसेस संपतच नव्हती.”

मुक्ता बाहेर आली, दार हलक्या हाताने लावून घेतलं आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. फखरुन्निसा तिच्याशेजारी बसली. ‘जा’ ऐकल्यावर रडतात त्या आयाच. पोरं तर कामाला लागलेली असतात. हे फखरुन्निसाने इतक्यांदा पाहिलं होतं, की तिने नुसतं आपल्या ओढणीचं टोक पुढे केलं. मुक्ताने डोळे पुसले.

“तीन वर्षं ती रोज माझ्याबरोबर गाडीतून येते, माझ्याबरोबर घरी जाते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, बाकीच्या मुलांपेक्षा हिला किती बरं आहे. आई दिवसभर जवळ.”

थोड्या वेळाने मुक्ता उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि पुन्हा हेडमिस्ट्रेससारखी बोलू लागली. रिवाज राहील. गुरुवारपर्यंत थांबायची गरज नाही, मॅनेजमेंटला ती आजच कळवेल. पण सगळ्या आया एकाच दिवशी नाहीत. वर्गावर वाटून, आणि मोठ्यांपैकी ज्याला हवी त्याने स्वतः येऊन सांगायचं. मेथी निवडायला बंदी. आणि बोर्लीला जाण्याचा विचार हुर्जुक मॅडमने सोडून द्यावा, कारण शाळेत एकजण अशी हवी जिच्या हातात किल्ल्या टाकून दुसरीला वर्गात जाऊन बसता येईल.

“मधली सुट्टी मात्र मी संपवत जाईन,” मुक्ता म्हणाली, आणि हसली. हसली की ती बरीच लहान दिसायची.

फखरुन्निसाला इतकं बरं वाटलं, की तिने इद्रीसला भर दुपारी दुकानावर फोन केला आणि काही कारण नसताना त्याच्यावर रागावून घेतलं.

एरवी शाळा सुटल्यावर मुक्ता चारपर्यंत ऑफिसात बसायची आणि शाल्मली लायब्ररीत आईचं काम संपण्याची वाट बघत अभ्यास करायची. त्या दिवशी शेवटची घंटा व्हायच्या आधीच मुक्ता पर्स घेऊन निघाली, गेटबाहेर गेली आणि उन्हात उभ्या असलेल्या आयांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. हारिस गडबडला. त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, मॅडम, आत या ना, बाहेर का उभ्या? मी न्यायला आलेय, मुक्ता म्हणाली. घंटा फखरुन्निसाने दिली. पोरं उधळली, छोटी आधी, मग मोठी. शाल्मली रांगेतून नियमाप्रमाणे चालत गेटपर्यंत आली आणि समोर बघून थांबली. तीन वर्षं ती आपलं दप्तर स्वतः उचलत होती, कारण मॅमच्या हातात कुणी दप्तर देत नाही. तिने ते पाठीवरून उतरवलं, आईकडे न बघताच तिच्या हातात कोंबलं, जसं गेटवरचं प्रत्येक पोर रोज करतं, आणि गाडीच्या दिशेने पळत सुटली.